नामांचे लिंग : एका रूढ व्याख्येची चिकित्सा

प्रास्ताविक

नामाच्या ज्या रूपावरून वस्तू पुरुषजातीची, स्त्रीजातीची की दोन्हींहून भिन्न आहे हे कळते, ते त्या नामाचे लिंग होय, अशी व्याख्या शालेय व्याकरणात रूढ आहे. ती मुलगा-मुलगी, घोडा-घोडी अशा जोड्यांपुरती खरी ठरते. परंतु डोळा पुल्लिंगी, जीभ स्त्रीलिंगी आणि नाक नपुंसकलिंगी का, याचा उलगडा तिने होत नाही.

भाषांची साक्ष

संस्कृतात पत्नी या एकाच अर्थाचे 'दार', 'भार्या' व 'कलत्र' हे शब्द अनुक्रमे पुल्लिंगी, स्त्रीलिंगी व नपुंसकलिंगी आहेत. 'देवता' मराठीत स्त्रीलिंगी, तर हिंदीत पुल्लिंगी. जर्मन भाषेत सूर्य स्त्रीलिंगी व चंद्र पुल्लिंगी. फ्रेंचमध्ये नेमके उलट. जर्मनमधील मुलगीवाचक 'मेडशेन' नपुंसकलिंगी आहे, कारण त्यातील लघुत्वदर्शक प्रत्ययच नपुंसकलिंगी आहे. कोकणीतील 'चेडूं' हा मुलगीवाचक शब्दही नपुंसकलिंगीच. बंगालीत तर क्रियापद कर्त्याच्या लिंगानुसार बदलत नाही. तात्पर्य, लिंग हा वस्तूचा गुण नसून नामाचा वाक्यातील अन्य पदांशी असलेला अन्वय होय.

पदवाचक नामांचा प्रश्न

व्याख्येतील दोष पदवाचक नामांच्या बाबतीत विशेष जाणवतो. फ्रान्समध्ये १९८६ च्या शासकीय परिपत्रकाने अशा नामांच्या स्त्रीलिंगी रूपांचा पुरस्कार केला; फ्रेंच अकादमीने त्यांना मान्यता दिली ती २०१९ मध्ये. मराठीत दोन मार्ग उपलब्ध आहेत. 'लेखिका', 'प्राध्यापिका' येथे प्रत्यय लिंग दर्शवितो. 'न्यायाधीश आल्या' येथे नाम तसेच राहून क्रियापद ते कार्य करते. २००७ मध्ये प्रतिभा पाटील राष्ट्रपती झाल्या, तेव्हा 'पती' या पदाविषयी चर्चा झाली. तेथे 'पती' म्हणजे अधिपती. 'राष्ट्रपती झाल्या' या प्रयोगात व्याकरणाची कोणतीही अडचण नाही.

तथापि एक विषमता उरतेच. 'प्राध्यापकांनी उपस्थित राहावे' या सूचनेत स्त्रियांचा अंतर्भाव गृहीत धरला जातो. 'प्राध्यापिकांनी' म्हटल्यास पुरुषांचा धरला जात नाही. हा भेद अन्वयाच्या नियमातून निष्पन्न होत नाही. तो सामाजिक संकेत आहे.

निष्कर्ष

रूढ व्याख्या व्याकरणिक लिंग व नैसर्गिक लिंग यांची गल्लत करते आणि त्यामुळे हा संकेत निसर्गसिद्ध भासू लागतो. लिंगाची व्याख्या अन्वयाच्या आधारे केल्यास हा भास दूर होईल. पदनामांचे कोणते रूप स्वीकारावे, हा निर्णय समाजाचा आहे. त्याची जबाबदारी व्याकरणावर टाकणे समर्थनीय नाही.