आज्ञापत्रातले वतनदार

आज्ञापत्राचं नाव काढलं की आपल्या सगळ्यांना आंबा-फणसाचा उतारा आठवतो. आरमाराला लाकूड हवं, पण रयतेच्या झाडांना हात लावू नका. अगदीच लागलं तर जुनं झालेलं झाड, मालकाला राजी करून, पैसे मोजून घ्या. आपण या उताऱ्याचं पर्यावरणाचा धडा करून टाकलं. त्यात गैर काही नाही, पण आमची नजर झाडापेक्षा कुऱ्हाड घेऊन आलेल्या सरकारी माणसाकडे जाते. हा माणूस आपणहून किंमत विचारणार नाही, हे लिहिणाऱ्याला पक्कं ठाऊक आहे. म्हणून तर ते लिहून ठेवावं लागलं.

सबंध आज्ञापत्र याच नजरेनं वाचावं असं आम्हाला वाटतं. रामचंद्रपंत अमात्यांच्या नावावर असलेलं हे लिखाण 1715 चं, कोल्हापूरच्या गादीवर आलेल्या दुसऱ्या संभाजी छत्रपतींसाठी. 1674 च्या राज्याभिषेकावेळी पंत अष्टप्रधानांत होते, म्हणजे लिहिताना त्यांनी चाळीसेक वर्षं दरबार जवळून पाहिलेला. टोपीकरांबद्दल ते काय सांगतात बघा. हे इतर सावकारांसारखे नुसते व्यापारी नव्हेत, प्रत्येकाच्या मागे एक राजा आहे. वखारीला समुद्रकाठची जागा देऊ नका, आत द्या, आणि पक्कं बांधकाम करू देऊ नका. गोड बोलण्यापेक्षा माणूस कुठे पाय रोवतो आहे तिकडे बघायचं, ही त्यांची रीत.

पण ग्रंथाचा खरा जीव वतनदारांच्या प्रकरणात आहे. तिथे पंतांची लेखणी एकदम धारदार होते. वतनदार हा नावाला चाकर, मनानं लहानसा राजाच. आहे त्यात त्याचं भागत नाही. शेजाऱ्याचं दाबावं, बळ वाढवावं, आणि परचक्र आलं की सगळ्यांच्या आधी शत्रूला जाऊन भेटावं, इकडच्या बातम्या तिकडे पोचवाव्यात, कशासाठी? तर वतन राहावं म्हणून. (हल्लीचं काही आठवून तुम्ही हसताय. हसा.) यावर उपाय काय? वतनं काढून घ्या, असं पंत म्हणत नाहीत. काढलीत तर नवा अनर्थ उभा राहील, मोकळी सोडलीत तर तोही. मायाही हवी आणि जरबही, दोन्हींच्या मध्ये धरून ठेवायचं. माणूस सुधारेल अशी आशा इथे कुठेच नाही. हावरेपणा आहेच असं धरून चालायचं, आणि तो आपल्या अंगावर उलटणार नाही एवढी व्यवस्था लावायची. चाकरानं मोठी कामगिरी केली तर इतर बक्षीस भरपूर द्या, जमीन वंशपरंपरेनं देऊ नका, हाही सल्ला त्यातलाच. दिलेली जमीन राज्यातून कायमची गेली.

आता अडचणीचा मुद्दा. 1689 मध्ये संभाजी महाराजांची हत्या झाली, राजाराम महाराज जिंजीला गेले, आणि इकडचा कारभार 'हुकूमतपनाह' या किताबासह रामचंद्रपंतांकडे आला. समोर औरंगजेब, आणि तो मराठ्यांना वतनं, मनसबी दाखवून ओढतो आहे. मग इकडूनही वतनांची आश्वासनं द्यावी लागली. दिली नसती तर माणसं टिकली नसती, आम्ही त्याबद्दल पंतांना दोष देणार नाही. त्या सौद्यावर राज्य तगलं. पण सौद्याची किंमत पंतांनी डोळ्यांनी पाहिली, आणि वतनदारांच्या प्रकरणातला तो कडवटपणा पोथीतून आलेला नाही, हे लक्षात घ्या.

दुःख एवढंच, की पंत हे स्वतःच्या तोंडानं सांगत नाहीत. 'आम्हाला द्यावं लागलं' असं एक वाक्य असतं तर? 1714 मध्ये ताराबाई आणि त्यांचा मुलगा कैदेत गेले, दुसरे संभाजी गादीवर बसले. त्या उलथापालथीत पंतांचं अंग होतं असं इतिहासकार मानतात. त्यानंतर वर्षभरातच हा ग्रंथ राजाला सांगतो की सेवकांची महत्त्वाकांक्षा ओळखून वागा. गडकऱ्याचा लोभ त्याला दिसतो, वतनदाराचा दिसतो, टोपीकराचा तर फारच स्पष्ट दिसतो. सल्ला देणारा प्रधान मात्र या सगळ्या मनुष्यस्वभावाच्या बाहेर उभा! ग्रंथाची उणीव आम्हाला विचारलीत तर ही. राजाला कुणाकुणापासून जपायचं त्याची यादी आहे, आणि यादी करणाऱ्याचं नाव तीत नाही.

तरुण राजानं ते नाव स्वतःच घालून वाचायचं होतं की काय, कोण जाणे. पंत 1716 मध्ये गेले. गगनबावड्याची जहागीर मात्र त्यांच्या घराण्यात पिढ्यान् पिढ्या चालली, कोल्हापूर संस्थानात ती विसाव्या शतकापर्यंत होती.