‘स्मृतिचित्रे’मधील साक्ष

मराठी ख्रिस्ती वाङ्मयाच्या विवेचनात ‘साक्ष’ ही संज्ञा बहुधा धर्मांतराच्या निवेदनापुरतीच वापरली जाते. बाबा पदमनजी यांचे ‘अरुणोदय’ हे आत्मचरित्र या प्रकाराचे ठळक उदाहरण होय. संशय, वाचन, वाद आणि निश्चय अशा टप्प्यांनी तेथे एका मनाचा प्रवास उलगडत जातो. त्या साक्षीचे क्षेत्र मुख्यतः विचाराचे आहे. लक्ष्मीबाई टिळक यांच्या ‘स्मृतिचित्रे’मध्ये मात्र ती विचाराच्या क्षेत्रातून घराच्या उंबरठ्याआत येते. १९३४ पासून चार भागांत प्रसिद्ध झालेल्या या ग्रंथाचे वेगळेपण प्रथम येथेच शोधावयास हवे.

रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचा जन्म १८६१ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे झाला. करजगाव असो की काजळी नदीच्या मुखाशी वसलेले भाट्ये असो, त्या काळच्या कोकणी गावात मनुष्याचा धर्म त्याच्या मतांवरून क्वचितच ओळखला जाई. तो कोणत्या विहिरीचे पाणी पितो, कोणाच्या पंक्तीस बसतो आणि कोणाच्या ओटीपर्यंत जाऊ शकतो, यांवरून त्याची ओळख ठरे. अशा समाजात १८९५ साली टिळकांनी मुंबईत घेतलेला बाप्तिस्मा ही केवळ अंतःकरणाची गोष्ट राहणे शक्य नव्हते. तिचे पडसाद प्रथम चुलीपाशी आणि पाण्याच्या घागरीपाशी उमटणार होते.

ते कसे उमटले हे सांगणारी व्यक्ती प्रारंभी त्या धर्माची विरोधक आहे, हे या ग्रंथाचे मोठे बळ होय. सोवळ्याचा अतिरेक करणाऱ्या पित्याच्या घरी लक्ष्मीबाई वाढल्या. पतीच्या धर्मांतरानंतर त्यांच्या वाट्यास ताटातूट आली. पुढे एकत्र आल्यावरही त्यांनी आपले आचार काही काळ वेगळे राखले. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. परंतु जातिभेद ईश्वरनिर्मित नसून मनुष्यकृत आहे, ही जाणीव त्यांना त्याआधीच झाली होती. हा क्रम महत्त्वाचा आहे. त्यांच्या बाबतीत परिवर्तन सिद्धांताकडून आचाराकडे आले नाही. पाणी आणि अन्न यांविषयीचे बंधन प्रथम सैल झाले आणि श्रद्धेला त्यानंतर वाट मिळाली.

या ग्रंथाच्या विनोदाची व साधेपणाची प्रशंसा पुष्कळ झाली आहे, आणि ती यथार्थ आहे. तथापि विनोद उचलून घ्यावयाचा आणि श्रद्धेचा भाग प्रचार म्हणून बाजूस सारावयाचा, ही अभिरुचीची सवय ग्रंथावर अन्याय करते. स्वतःच्या सोवळ्याकडे हसून पाहण्याचे सामर्थ्य लक्ष्मीबाईंना ज्या परिवर्तनाने दिले, त्याच परिवर्तनाचे हे निवेदन आहे. येथे विनोद आणि साक्ष यांचे मूळ एकच आहे.

या साक्षीस आणखी एक बाजू आहे. टिळक उदार, शीघ्रकोपी आणि व्यवहारशून्य होते. अनाथ मुलांना त्यांच्या घरात आश्रय मिळे. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची चाकरी सोडून संन्यस्त वृत्ती स्वीकारली आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. हे सारे जगाला दिसले. परंतु आणलेल्या मुलांची वेणीफणी, रिकाम्या डब्यांतून निघणारा स्वयंपाक आणि पुन्हापुन्हा मोडणारे बिऱ्हाड हे पत्नीच्या माथी आले. पतीचे संतत्व लक्ष्मीबाई नाकारीत नाहीत. मात्र त्याचा हिशेब त्या कोठेही लपवीत नाहीत. चरित्रनायकाचा गौरव करणाऱ्या लेखनात हा हिशेब सहसा गळून जातो. येथे तो राहिला, म्हणूनच टिळकांची मूर्ती विश्वसनीय झाली.

‘स्मृतिचित्रे’ ही एका थोर पुरुषाच्या श्रद्धेची नोंद आहे, असे म्हणणे म्हणूनच अपुरे ठरते. टिळकांचे त्यागी जीवन ही एक साक्ष. ते जीवन ज्या घरावर उभे होते, ते चालविणारीचे श्रम ही दुसरी. पहिली अनेकांनी पाहिली आणि गौरविली. दुसरी मराठी वाचकाला दिसली ती मुख्यतः या ग्रंथामुळे. ग्रंथाचे वाङ्मयीन मूल्य ठरविताना या दुसऱ्या साक्षीस टाळून पुढे जाता येणार नाही.