आतिथ्याचा जमाखर्च

मिशनरी कुटुंबांच्या चरित्रांचें वाङ्मय इंग्रजींत विपुल आहे, आणि स्पष्टच सांगावयाचें तर त्यांतील बहुतेक पुस्तकें ज्यांना तीं आधींच पटलेलीं असतात त्यांच्याचसाठीं लिहिलेलीं असतात. इतर वाचक दहावीस पानें चाळतो, सर्व मंडळी सारखीच सद्गुणी आहेत असें पाहतो आणि पुस्तक मिटतो. ईडिथ शेफर यांचें ‘लाब्री’ (१९६९) हें पुस्तक या जातीचें नाहीं असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु तें मिटून ठेवण्याजोगें नाहीं, इतकें मात्र आम्ही खात्रीनें सांगूं. त्याचें एक कारण पुस्तकांतच आहे. दुसरें कारण असें कीं, या पुस्तकांत जो लहानगा, अधू पायाचा मुलगा अधूनमधून डोकावतो, त्यानें मोठेपणीं त्याच घराची हकीकत आपल्या बाजूनें लिहिली, आणि तीही दोनदां: एकदां कादंबरीचें रूप देऊन ‘पोर्टोफिनो’मध्यें (१९९२) आणि पुन्हां उघड आत्मचरित्र म्हणून ‘क्रेझी फॉर गॉड’मध्यें (२००७). एकाच घराबद्दल आईनें आणि मुलानें दिलेल्या साक्षींची अशी जोड वाङ्मयांत वारंवार सांपडत नाहीं. तीं पुस्तकें एकापाठोपाठ वाचलीं म्हणजे जो प्रश्न मनांत उभा राहतो तो ख्रिस्ती मिशनांपुरताच नाहीं. परक्या विद्यार्थ्यांसाठीं ज्या ज्या घरानें आपलें दार उघडें ठेविलें, त्या प्रत्येक घराचा तो प्रश्न आहे.

प्रथम हकीकत थोडक्यांत सांगितली पाहिजे. फ्रान्सिस शेफर (१९१२–१९८४) हे अमेरिकेंतील प्रेस्बिटेरियन पंथाचे पाद्री. ईडिथबाई (१९१४–२०१३) चीनमधील वेंझौ येथें मिशनरी आईबापांच्या पोटीं जन्मल्या. म्हणजे परमुलखांत राहून धर्मसेवा करणें हें त्यांना बाळपणापासून परिचयाचें होतें. १९३५ सालीं विवाह झाला, आणि पतीचें धर्मशिक्षण चालू असतां बाईंनीं शिवणकाम करून संसार चालविला. १९४८ मध्यें तीन मुलींना घेऊन हें जोडपें मिशनच्या वतीनें स्वित्झर्लंडांत आलें, व पुढच्या वर्षीं शांपेरी नांवाच्या डोंगरी गांवांत राहूं लागलें. मुलगा फ्रँक १९५२ चा. दोन वर्षांचा असतांना त्याला पोलिओ झाला. शांपेरी ज्या प्रांतांत आहे तो कॅथॉलिक. १९५५ च्या फेब्रुवारींत सरकारी हुकूम आला कीं, गांवांत धार्मिक प्रभाव पाडल्याबद्दल या कुटुंबानें ३१ मार्चच्या आंत निघून जावें. मोठ्या धांवपळीनें शेजारच्या प्रॉटेस्टंट प्रांतांत, ह्युएमो या खेड्यांत, त्यांनीं एक लांकडी घर मिळविलें, आणि तेथें राहण्याची परवानगीही पुढें मिळाली. त्याच वर्षीं मिशनचा राजीनामा देऊन त्यांनीं आपलें स्वतंत्र कार्य सुरू केलें व त्याला ‘लाब्री’ असें नांव दिलें. फ्रेंच भाषेंत या शब्दाचा अर्थ आश्रय असा आहे.

थोरली मुलगी प्रिसिला लोझानच्या विद्यापीठांत शिकत होती. तिच्याबरोबर विद्यार्थी शनिवार-रविवारीं घरीं येऊं लागले, त्यांच्या सांगण्यावरून आणखी कोणी आले, आणि पाहतां पाहतां तें घर निरनिराळ्या देशांच्या तरुणांनीं गजबजून गेलें. कोणी ख्रिस्ती घरांत वाढून विद्यापीठांत गेल्यावर श्रद्धा डळमळलेला, कोणी मुळींच श्रद्धा नसलेला. कोणाच्या डोक्यांत सार्त्र, कोणाच्या कामू. शेफर त्यांच्याशीं तासन् तास बोलत. या माणसानें स्वतः शांपेरीस असतांना आपली सर्व श्रद्धा पुन्हां मुळापासून तपासून पाहिली होती, आणि तें त्यांनीं पुढें एका ग्रंथाच्या प्रस्तावनेंत मोकळेपणानें लिहिलें आहे. तरुणांना त्यांच्याविषयीं विश्वास वाटे तो बहुधा यामुळेंच. १९६० च्या जानेवारींत ‘टाइम’ साप्ताहिकानें या घरावर लेख छापला. त्यानंतर पाहुण्यांना काय तोटा!

या घराचा एक नियम असा होता कीं, पैशासाठीं कोणापुढें हात पसरावयाचा नाहीं. गरज असेल ती प्रार्थनेंत सांगावयाची, आणि कोण यावें हेंही देवावरच सोंपवावयाचें. ‘लाब्री’ या पुस्तकाची रचना याच नियमांतून निघालेली आहे. गरज उत्पन्न होते, प्रार्थना होते, पुरवठा येतो. मग नवी गरज. हा क्रम इतक्या वेळां येतो कीं, प्रकरण सुरू होतांच त्याचा शेवट वाचकास दिसूं लागतो. ह्युएमोचें घर घेण्याचाच प्रसंग पाहा. घर भाड्यानें मिळेल अशी आशा असते, पण तें विकतच घ्यावें लागेल असें ऐन वेळीं कळतें, आणि हातीं पैसा नसतो. बाई रात्रीं प्रार्थना करितात कीं, उद्यां सकाळीं दहाच्या आंत एक हजार डॉलर यावेत, म्हणजे ही देवाचीच इच्छा असें आम्ही समजूं. सकाळीं टपाल येतें, त्यांत अमेरिकेंतील एका दांपत्याचें पत्र असतें, आणि पत्रासोबत एक हजार डॉलर! श्रद्धाळू वाचक येथें हात जोडील, अश्रद्ध वाचक हंसेल. टीकाकारानें दोन्हीही न करतां प्रसंग सांगितला कसा आहे तें पाहावें. तो उत्तम सांगितला आहे. मुदत संपत आल्याची टोचणी, बर्फांतली वणवण, आजारी मुलें, या सर्वांचा भार वाचकाच्या मनावर नीट पडतो. बाईंची भाषा सैल आहे, उद्गारचिन्हें त्या सढळ हातानें वापरतात, परंतु त्यांची नजर पक्की आहे.

ती नजर सर्वांत चांगली चालते ती स्वयंपाकघरांत. घराचें सौंदर्य हा बाईंचा आवडता विषय; १९७१ मध्यें त्यांनीं त्यावर एक स्वतंत्र पुस्तकच लिहिलें. पाहुणा कितीही मळक्या कपड्यांनीं आला, तरी त्याच्यापुढें चहाचें तबक नीट मांडून आलें पाहिजे, मेजावर दोन फुलें असलीं पाहिजेत, असा त्यांचा आग्रह. आमच्या मतें पतीच्या तत्त्वचर्चेइतकेंच, कदाचित् कांकणभर अधिक, त्या तबकानें त्या तरुणांना धरून ठेविलें असावें. घरून निघून, पाठीवर पिशवी टाकून आलेल्या मुलाला, आपण येणार म्हणून कोणीतरी फुलें ठेविलीं आहेत, हा युक्तिवाद खोडून काढतां येत नाहीं.

पण याच ठिकाणीं पुस्तकाचा खरा दोष लपलेला आहे. हें काम पुस्तकांत दिसत नाहीं असें नाहीं. दिसतें, आणि रसाळपणें दिसतें. परंतु तें हिशेबांत धरलेलें नाहीं. पैसा आला तर देवानें दिला, जागा मिळाली तर देवानें दिली, माणूस आला तर देवानें पाठविला. हें सर्व तारीखवार नमूद आहे. पाहुण्यांच्या गर्दींतून मध्यरात्रीं मोकळ्या होणाऱ्या बाईचे तास कोणत्या बाजूस मांडावयाचे? आणि जी आई संध्याकाळीं दहा परक्या मुलांचें दुःख ऐकत बसली आहे, तिच्या स्वतःच्या मुलानें त्या वेळीं कोणापाशीं बसावें? जमेची बाजू भरगच्च आहे, खर्चाच्या बाजूस ‘सेवा’ एवढा एकच शब्द. आपण जें दिलें तें आपलें होतेंच कोठें, असें बाईंनीं यावर म्हटलें असतें, आणि स्वतःपुरतें तसें म्हणण्याचा त्यांना पूर्ण अधिकार होता. मुलांच्या वतीनें तो अधिकार त्यांना होता काय, हा प्रश्न पुस्तकांत कोठेंही विचारलेला नाहीं.

तो प्रश्न मुलानें विचारला, आणि आरडाओरड करून विचारला. ‘क्रेझी फॉर गॉड’ हें पुस्तक रागाचें आहे. वडिलांचा तापट स्वभाव, त्यांची उदासीनता, स्वतःच्या शिक्षणाची झालेली हेळसांड, चोवीस तास पाहुण्यांनीं भरलेलें घर, आणि पुढें वडिलांच्या नांवावर अमेरिकेंत जें राजकारण उभें राहिलें त्यांत स्वतः घेतलेला भाग, हें सारें फ्रँक यांनीं भडाभडा सांगून टाकिलें आहे. स्वतःलाही त्यांनीं सोडलेलें नाहीं, ही त्यांतली चांगली गोष्ट. परंतु फिर्यादीनें लिहिलेल्या कैफियतीचा जो दोष तो येथें आहेच. प्रत्येक आठवणीला कांहींतरी सिद्ध करावयाचें असतें. आई प्रत्येक प्रसंगांतून देवाचा हात सिद्ध करिते, मुलगा प्रत्येक प्रसंगांतून घराची चूक सिद्ध करितो. पद्धत एकच, आणि ती आईकडूनच आलेली दिसते. त्या घरांत राहून गेलेले लेखक ऑस गिनेस यांनीं या पुस्तकावर कडक टीका केली, आणि ती सर्वस्वीं अनाठायी होती असें आम्हांस म्हणवत नाहीं.

याच्या उलट ‘पोर्टोफिनो’. वस्तुतः कादंबरी पंधरा वर्षें आधींची, म्हणजे राग अधिक ताजा असावयाचा. पण येथें तो हंसण्यांत विरघळला आहे. मिशनरी कुटुंब वर्षांतून एकदां इटलीच्या समुद्रकांठीं सुट्टीस जातें. लहानग्या कॅल्व्हिनला इतर मुलांसारखें वाळूंत खेळावयाचें असतें, आणि आईला तर सुट्टींतही भेटेल त्याला येशूविषयीं सांगावयाचें असतें. चारचौघांत मोठ्यानें लांबच लांब प्रार्थना होत असतां मान खालीं घालून बसलेल्या त्या पोराचा संकोच आम्हांस शंभर पानांच्या तक्रारीहून अधिक बोलका वाटला. वडिलांचे रुसवे आणि राग येथेंही आहेत, पण आई हास्यास्पद होत असतांच ती देखणी, हुशार आणि घराला सांवरून धरणारी बाई आहे, हें लेखक विसरत नाहीं. कादंबरी लिहितांना मुलाला खटला जिंकावयाचा नव्हता, म्हणूनच तो येथें आईला अधिक न्याय देऊं शकला, असें आम्हांस वाटतें.

आपल्याकडे एकोणिसाव्या शतकांत आणि पुढेंही कित्येक वर्षें पुण्यासारख्या गांवीं वार लावून जेवून गरीब विद्यार्थी शिकले. त्यांच्या आठवणी मराठींत पुष्कळ आहेत, आणि त्या बहुधा जेवणाऱ्यानें लिहिलेल्या आहेत. वाढणारीनें लिहिलेल्या क्वचित्. आणि ज्याच्या ताटांतली भाकरी त्यामुळें अर्धी झाली त्या घरच्या पोरानें लिहिलेली आठवण कोठें वाचल्याचें आम्हांस स्मरत नाहीं. शेफर घराण्यांत वाढणारी आणि तें पोर, दोघेंही लेखक निघालीं, हें त्या घराचें वेगळेपण.

तरी एका मुलाची साक्ष म्हणजे निकाल नव्हे. चार भावंडांपैकीं तिघी बहिणी मोठेपणीं याच कार्यांत राहिल्या. दुसरी बहीण सुझन हिनें तर पतीसह इंग्लंडमध्यें असेंच घर चालविलें, आणि १९८४ सालीं मुलांच्या शिक्षणावर एक पुस्तक लिहिलें, तें आईबापांना आजही मार्गदर्शक वाटतें. ज्या घरानें माझ्या शिक्षणाकडे पाहिलेंच नाहीं असें भाऊ म्हणतो, त्याच घरांतून बहीण शिक्षणाची लेखिका होऊन बाहेर पडते! यांत कोणी खोटें बोलत आहे असें मानण्याचें कारण नाहीं. १९५५ मध्यें थोरली मुलगी अठरा वर्षांची होती, आणि पाहुणे तिच्याच ओळखीचे होते. तिला तें घर उघडलें जात असतांना पाहावयास मिळालें. मुलगा तीन वर्षांचाही नव्हता, आणि दार लावलेलें घर त्यानें कधीं पाहिलेंच नाहीं.

मराठी वाचकाला येथें लक्ष्मीबाई टिळकांची आठवण होणें अपरिहार्य आहे. ‘स्मृतिचित्रें’ही एका ख्रिस्ती धर्मसेवकाच्या पत्नीचींच, टिळकही घरांत केव्हां कोणाला घेऊन येतील आणि हातांतला पैसा कोणाला देऊन टाकतील याचा नेम नसे. पण लक्ष्मीबाई खर्चाची बाजू लपवीत नाहींत. नवऱ्याच्या औदार्याचा आपल्याला झालेला त्रास त्या हंसत हंसत, परंतु पुरतेपणीं सांगतात, आणि त्यामुळें टिळक आपल्या नजरेंत उतरत नाहींत, उलट खरे वाटतात. धर्मावरील श्रद्धा दोघींचीही तितकीच दृढ होती, म्हणून फरक श्रद्धेचा नव्हे. लक्ष्मीबाईंना कोणाला कांहीं पटवून द्यावयाचें नव्हतें. ईडिथबाईंपुढें मात्र दूरदेशींचे असंख्य हितचिंतक वाचक बसलेले होते, आणि त्यांना प्रार्थनेचें फळ दाखविणें हेंच त्या पुस्तकाचें काम होतें. त्या वाचकांसमोर घरच्या मुलाचें रडें कसें मांडावें?

म्हणून ज्यांना हें घर खरोखर पाहावयाचें असेल त्यांनीं ‘लाब्री’च्या आधीं बाईंनीं १९४८ पासून १९६० पर्यंत लिहिलेलीं आणि पुढें १९८८ मध्यें ग्रंथरूपानें निघालेलीं पत्रें वाचावीं. तींही हितचिंतकांनाच लिहिलेलीं आहेत, परंतु पत्र लिहिणाऱ्याला उद्यां काय होणार हें ठाऊक नसतें, आणि गरज व पुरवठा यांची सांगड घालण्यास त्याला सवडही नसते. त्यानंतर ‘पोर्टोफिनो’ वाचावी. आत्मचरित्र सर्वांत शेवटीं, आणि तेंही एका बैठकींत नव्हे.