भिकारी उणे एक

२००१ साली स्टॉकहोमच्या योन ओस्लुंड आणि कार्ल हासेलस्ट्रॉम या दोन विद्यार्थ्यांनी शेक्सपिअरच्या नावाची एक संगणकभाषा रचली. या भाषेतील प्रोग्राम नाटकासारखा दिसतो. त्यात अंक असतात, प्रवेश असतात, पात्रे येतात-जातात. प्रत्येक पात्र म्हणजे एक संख्या. रोमिओ ज्युलिएटला जे बोलतो, त्यावरून ज्युलिएटची संख्या ठरते.

आम्हांला भावले ते यातले जर-तर. एक पात्र विचारते, 'मी तुझ्याहून चांगला आहे का?' यंत्र दोघांच्या संख्या ताडून पाहते आणि होय की नाही, एवढेच लक्षात ठेवते. पुढचा सवाल येईपर्यंत तो जवाब टिकतो. मग कुणी म्हणते, 'तसे असेल तर तिसऱ्या प्रवेशाकडे जाऊ.' नाटकाचा प्राण असलेल्या सवाल-जवाबातूनच अट घालायची, ही कल्पना दाद देण्यासारखी आहे.

खटकतो तो शब्दकोश. चांगल्या नामाची किंमत एक, वाईट नामाची उणे एक. विशेषण लागले की दुप्पट. राजा एक, भिकारी उणे एक. 'बाप नसलेला' हे विशेषण वाईटांच्या यादीत आहे, म्हणून पोरका भिकारी उणे दोन!

ही गंमत आहे, हे आम्हांला कळते. पण ती शेक्सपिअरच्या नावाने आहे. त्याचा हॅम्लेटच बाप गमावलेला आहे. आगा हश्र काश्मिरींनी ज्यावरून 'सफेद खून' लिहिले, त्या 'किंग लिअर'मध्ये वादळी रात्री राजासमोर भिकाऱ्याच्या वेषात एडगर उभा राहतो, आणि माणूस म्हणजे काय हे राजाला तेव्हा उमगते. 'मी तुझ्याहून चांगला आहे का?' या सवालाला इथे यंत्र क्षणात 'होय' म्हणेल. त्या 'होय'ला सुरुंग लावण्यासाठीच तर ते नाटक लिहिले गेले.

मात्र यंत्राला हसण्याआधी आम्हांला आमचा वर्ग आठवला. एका यतीम मुलाच्या प्रगतिपत्रकावर आम्हीच 'मंद' असा शेरा लिहिला होता. पुढच्या वर्षी त्या एका शब्दावरून त्याची जागा शेवटच्या बाकावर ठरली. त्याला काय येते, हे कुणी विचारलेच नाही. आमच्याही डोक्यात असा शब्दकोश आहे, आणि तो भरणारे आम्हीच आहोत.

त्या भाषेत निदान नवा सवाल केला की जुना जवाब पुसला जातो. आम्ही शिक्षकांनी तेवढे जरी तिच्याकडून घेतले तरी पुष्कळ झाले.