लेणे की गुंफा?

महाराष्ट्रातील बौद्ध शैलगृहांविषयी लिहिताना ‘गुंफा’, ‘गुहामंदिर’ हे शब्द सर्रास योजिले जातात. फर्ग्युसन व बर्जेस यांनी १८८० च्या आपल्या ग्रंथाच्या नावातच त्यांना गुहामंदिरे म्हटले. हा प्रयोग आम्हांस सदोष वाटतो.

नाशिकच्या उषवदाताच्या शिलालेखात निवासासाठी ‘लेण’ व पाण्याच्या टाक्यांसाठी ‘पोढी’ असे शब्द आहेत. ‘पोढी’ आज बहुधा अभ्यासकांपुरती उरली. ‘लेणे’ मात्र सुमारे १९०० वर्षांनंतरही लोकांच्या तोंडी आहे. विनयपिटकातील चुल्लवग्गात भिक्खूंसाठी पाच लेणांस अनुज्ञा आहे : विहार, अड्ढयोग, पासाद, हम्मिय आणि गुहा. म्हणजे गुहा हा लेणाचा केवळ एक प्रकार होय. लेण म्हणजे आश्रयस्थान. संयुत्तनिकायात निब्बाणासही हा शब्द लाविला आहे.

‘गुंफा’ म्हटल्याने डोंगरातील पोकळी तेवढी दिसते, तीत वसलेला संघ दिसत नाही. ‘मंदिर’ म्हटल्याने भिक्खूंच्या निवासाचे देवालय होते. नाशिकच्या लेण्यांस ‘पांडव’ जोडले की शिलालेखांतील दातेही झाकले जातात. दगड पुरातत्त्व खाते जपेल. शब्द जपणे आपल्याच हाती आहे. म्हणून लेण्यास लेणेच म्हणावे.