रस्ट आणि मुक्त प्रणाली: आक्षेप नेमका कशावर?

'रस्ट आली, स्वातंत्र्य गेले' या आक्षेपात दोन प्रश्नांची गल्लत आहे.

पहिला नावाचा. एप्रिल 2023 मध्ये रस्ट फाउंडेशनच्या ट्रेडमार्क मसुद्यावर टीका झाली. पण दिल्लीच्या सरोजिनी नगर बाजारातला लेबल कापलेला शर्टही अंगात घालता येतोच. डेबियनने 2006 मध्ये फायरफॉक्सचे नाव बदलून 'आइसवीझल' केले. प्रोग्राम चालतच राहिला.

दुसरा कापडाचा, म्हणजे परवान्याचा. उबुंटू 25.10 मध्ये जीपीएल परवान्याच्या ग्नू कोअरयुटिल्सची जागा मुख्यतः रस्टमधल्या, एमआयटी परवान्याच्या यूयुटिल्सने घेतली. सुधारित आवृत्ती वाटताना सोर्स कोड देण्याचे बंधन एमआयटीत नाही. खरी चिंता ही. दोष मात्र भाषेचा नाही: लिनक्स कर्नलमध्ये 6.1 पासून रस्ट आहे, परवाना जीपीएलच आहे.

पॅकेज निवडताना आधी परवान्याची फाइल उघडा.