जॉलीचं घरभाडं कोण भरतं?

सनद मिळून दीड वर्ष झाल्यावर ‘जॉली एलएलबी’ (२०१३) पुन्हा पाहिला. पहिल्यांदा खूप हसलो होतो. या वेळी पोटात कालवलं.

मेरठहून दिल्लीत आलेल्या जॉलीला नाव हवंय, म्हणून तो एका गाजलेल्या अपघात प्रकरणात जनहित याचिका टाकतो. दिग्दर्शक सुभाष कपूरनं इथे नेमकी दुखरी नस पकडलीय. बार कौन्सिलच्या नियम ३६ नुसार वकिलाला जाहिरात करता येत नाही, पाटीसुद्धा बेताचीच लागते. मग गाजलेली केस हीच त्याची पाटी!

उत्तरार्ध मात्र मला पटत नाही. जॉली सुधारतो आणि सिनेमा त्याच्या पोटापाण्याचा विषयच सोडून देतो. माझा पहिला अशील म्हणजे कोर्टाबाहेरच्या चहावाल्याचा मेव्हणा. भाडेकराराचा वाद, फी तीन हप्त्यांत. पुढे त्यानंच आणखी दोघांना पाठवलं. पडद्यावर हे कंटाळवाणं दिसेल, मान्य.

पण कोर्टाच्या कँटीनमधले कौलसाहेब (आपले रमेश देव!) सिनेमात आहेतच की. त्यांच्या टेबलापाशी कॅमेरा आणखी दहा मिनिटं थांबायला हवा होता.